पार्किंगमधला दुभाषी

आमच्या बिल्डिंगला गेल्या वर्षी रंग लागला तेव्हा पार्किंगमधली एक भिंत तेवढी आम्ही पांढरीच ठेवली. बाकी सगळी बिल्डिंग हल्लीच्या त्या पिवळट करड्या रंगाची, ज्याला दुकानदार काहीतरी भलतंच नाव सांगतो. रंगाऱ्याला वाटलं आम्ही विसरलो. तो परत परत विचारायला वर यायला लागला. शेवटी मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्या भिंतीला नुसता चुना मार आणि मोकळा हो. कशाला, म्हणाला. आता त्याला काय सांगणार, कपाळ? तिथे सबनीस काकांचं कोर्ट भरायचं असं सांगितलं असतं तर तो आणखीच घोटाळला असता.

सबनीस काका माझ्या समोरच्या दारात राहायचे. डोंबिवली पूर्वेला, खाडीकडून येणारा वारा आणि केमिकल कंपन्यांचा वास दोन्ही जिथे पोचतात तिथे आमची ही जुनी बिल्डिंग. खाली पार्किंग, वर तीन मजले. काका पहिल्या मजल्यावर, त्यांची गॅलरी बरोबर पार्किंगच्या तोंडावर. जन्मभर ठाण्याच्या कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार मराठीत जे बोलेल ते जज्जसाहेबांना इंग्रजीत सांगायचं आणि वकिलाचं इंग्रजी साक्षीदाराला मराठीत. ह्या कामाची एक रीत असते, ती मला त्यांच्यामुळे कळली. साक्षीदार जे बोलेल ते दुभाष्यानं त्याच्याच तोंडून बोलल्यासारखं बोलायचं. "ती म्हणते की तिला मारलं" असं नाही. "मला मारलं." मान सरळ, हात पाठीमागे, आवाज कोरडा. स्वतःचं त्यात काही मिसळायचं नाही. चोर, खुनी, पोटच्या पोराला मुकलेली आई, सगळ्यांचं काका ह्याच आवाजात बोललेले.

रिटायर झाल्यावर माणसाची खुर्ची जाते, सवय जात नाही. आमच्या बिल्डिंगमधली कामवाली मावशी आणि तिसऱ्या मजल्यावरची तामिळ बाई ह्यांची एकदा जिन्यात जुंपली. एक मराठीत, एक इंग्रजीत, एकमेकींचं अक्षर कळत नाही आणि आवाज मात्र चौकापर्यंत. काका दार उघडून बाहेर आले आणि दोघींच्या मधल्या पायरीवर उभे राहिले. मावशीकडे बघून म्हणाले, "मी तुला चोर म्हटलेलं नाही. माझी स्टीलची वाटी सापडत नाहीये, एवढंच मी म्हटलं." मग तामिळ बाईकडे वळून मावशीचं सगळं इंग्रजीत. शिव्यासुद्धा गाळल्या नाहीत हो! पण त्या कोरड्या आवाजात शिवीतली हवाच निघून गेली. मी मध्ये काहीतरी बोलायला गेले तर काकांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"साक्षीदाराला मध्ये तोडायचं नाही," ते म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टीव्हीवर चर्चेत माणसं एकमेकांवर ओरडायला लागली की हेच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच. काकूंचं तोंड सुरू झालं की मात्र ते वाक्य काकांच्या ओठांवर येऊन परत जायचं.

काकू म्हणजे तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. गॅलरीत त्यांचा कडीचा झोपाळा. संध्याकाळी त्या झोपाळ्यावर बसायच्या आणि कड्यांचा कुरकुर आवाज आख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचा. तेल घाला म्हटलं तर म्हणायच्या, राहू दे गं शोभा, घरात दुसरं कोण बोलतंय? काकांच्या अबोलपणावर हा टोला होता, आणि पुढे पुढे निखिलवरसुद्धा. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा, लंडनला असतो.

त्यानं तिकडे लग्न ठरवलं आणि मुलीला आईवडलांना भेटवायला घेऊन आला. मार्सिया तिचं नाव. जन्म लंडनचा, पण बाप जमैका बेटावरून आलेला आणि त्याच्या आधीच्या पिढ्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजात कोंबून आणलेल्या. उंच, काळीभोर, पुढच्या दोन दातांत फट, आणि ऐकताना मान जराशी डावीकडे कलती करायची. निखिलनं तिला शिकवलेलं असणार, ती आत आल्या आल्या काकूंच्या पाया पडायला वाकली. आणि काकूंनी पाय मागे घेतले.

बस, एवढंच झालं. मी तिथे होते, काकूंनी मला मदतीला बोलावलेलं. कोणी काही वाईट बोललं नाही. पाणी दिलं, पोहे दिले, चहा झाला. पण ती मुलगी तशीच वाकलेली राहिली क्षणभर, हात जमिनीवर, आणि निखिलनं ते पाहिलं. त्या संध्याकाळी दोघं ठाण्याला हॉटेलात राहायला गेली आणि तिथूनच परत. लग्न तिकडेच झालं. नंतर निखिल फोन करायचा तो काकांना. आईची तब्येत विचारायचा. मार्सियाचं नाव काढलं की काकू ओट्याशी जाऊन भांडी वाजवायच्या. दुसरा कोणी नवरा असता तर भांडला असता, अबोला तरी धरला असता. काकांनी आयुष्यात कोणाला पटवलेलं नव्हतं. ते त्यांचं कामच नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती, दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं.

मार्सिया तिकडे एका वस्तीत, चर्चच्या हॉलमध्ये, दर महिन्याला सिनेमे दाखवायची. तिच्याच लोकांच्या इतिहासाचे, आफ्रिकेचे, त्या बेटांचे. लोक बघतात, मग चहा पितात आणि बोलतात. काकांनी हे निखिलकडून ऐकलं आणि सुनेला स्वतः फोन केला. काय बोलले देव जाणे, पण पुढच्या आठवड्यात विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या बाजारातून एक सेकंडहँड प्रोजेक्टर घेऊन आले. सेक्रेटरीला सांगितलं, सांस्कृतिक कार्यक्रम आहे. पार्किंगच्या भिंतीला स्वतः चुना लावला, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि लाउडस्पीकर ठेवला तो खुर्च्यांकडे तोंड करून नाही, वर करून, स्वतःच्या गॅलरीकडे. मी म्हटलं, काका, स्पीकर उलटा झालाय. म्हणाले, नाही, बरोबर आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खाली आम्ही सगळे बसणार होतो, पण हा सगळा खटाटोप वर झोपाळ्यावर बसलेल्या एका बाईसाठी होता. तिनं खाली यावं, बघावं, आणि मग एकदा त्या मुलीला घरी बोलवावं. काकांना ह्यापलीकडे काही नको होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

पहिल्या खेळाची तर मजाच झाली. नोटीस बोर्डावर काकांनी सुबक अक्षरात लिहिलं, रविवारी संध्याकाळी आफ्रिकेचा इतिहास. झालं, आख्ख्या गल्लीतली पोरंटोरं सिंह बघायला हजर. अर्धा तास झाला तरी जिराफसुद्धा नाही म्हटल्यावर पोरं आयांना ओढायला लागली. पार्किंग रिकामं झालं, उरलो आम्ही पाच-सहा जण. काका विचलित झाले नाहीत. सिनेमाचा आवाज अगदी बारीक केला, माइक हातात घेतला आणि भिंतीशेजारी उभे राहिले, मान सरळ, एक हात पाठीमागे. पडद्यावर कोणी बाई बोलायला लागली की काका बोलायचे. "मला किनाऱ्यावरच्या किल्ल्यात ठेवलं. माझ्या बहिणीला दुसऱ्या जहाजात घातलं. मी तिला परत पाहिलं नाही."

बासष्ट-पासष्ट वर्षांचा इस्त्रीच्या शर्टातला ब्राह्मणी तोंडवळ्याचा माणूस आपल्या बहिणीला दुसऱ्या जहाजात घातलं म्हणून सांगतोय. आम्हाला सुरुवातीला हसू येत होतं, खरंच सांगते. थोड्या वेळानं हसू गेलं. मग त्यांच्याकडे कोणी बघेनाच, नुसतं ऐकू यायला लागलं.

शब्दांच्या बाबतीत भारी काटेकोर. आमच्यातलं कोणी गुलाम म्हटलं की लगेच दुरुस्ती. गुलाम नाही, गुलाम केलेला माणूस. कोणीतरी केल्याशिवाय कोणी गुलाम होत नाही, तेव्हा करणाऱ्याला वाक्यातून सुटू द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या मजल्यावरचा एक जण चिडून म्हणाला, काका, एवढं लांबलचक कोण बोलणार? काका म्हणाले, वेळ आहे आपल्याकडे.

चहा काकू करायच्या. हे विशेष. खाली यायच्या नाहीत, चौकशी करायच्या नाहीत, पण खेळाच्या दिवशी चहाची किटली भरून माझ्याकडे द्यायच्या. लोक आलेत, कोरडं कसं पाठवायचं, एवढंच बोलायच्या. एकदा काका उसाच्या मळ्यांवरचा सिनेमा दाखवणार होते. ती बेटं, तो ऊस, साखरेच्या कढया आणि त्यात भाजणारे हात. त्यांनी सकाळी काकूंना सांगितलं, आज चहात साखर घालू नकोस. त्या काळी विलायतेत काही बायकांनी ह्या माणसांसाठी चहातली साखर सोडली होती, म्हणून. काकू म्हणाल्या, बरं. संध्याकाळी मी किटली घ्यायला गेले तर किटलीबरोबर एक डबाही दिला. खाली येऊन उघडला तर आत गुळाचे खडे. साखर नको म्हणालात, गुळाचं काही बोलला नाहीत, असा वरचा निरोप. अगदी काकूंना शोभेल असा.

काकांनी डब्यात बघितलं. मला वाटलं हसतील. पण ते माइकपाशी गेले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, गूळही उसाचाच. चहा तसाच कडू प्यायलो सगळे, तोंडं वाकडी करत. पण सांगायची गोष्ट पुढेच आहे. त्यानंतरच्या कुठल्याच खेळाच्या चहात साखर आली नाही. काकांनी परत सांगितलेलं नव्हतं. लोक कुरकुरले, मी काकूंना म्हटलंही. त्या म्हणाल्या, मधुमेह वाढलाय सगळ्यांचा, बरंय. आणि झोपाळ्याला पायानं झोका दिला.

नियमानं येणाऱ्यांत म्हात्रे नाना होते. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात काम केलेला माणूस, आता बोटात अंगठ्या आणि दारात दोन गाड्या, पण बोलणं जसं होतं तसं. काका आणि ते एकदम दोन टोकं. नाना पहिल्यांदा आले ते आवाज कसला येतोय बघायला. मग दर वेळी पहिल्या रांगेत. एका रविवारी काकांनी एका बेटावरचा सिनेमा लावला. तिथे गुलाम केलेल्या माणसांकडून मीठ ओढून घ्यायचे. गुडघाभर खाऱ्या पाण्यात दिवसचे दिवस उभी माणसं, पायांना जखमा. काका सांगत होते, "माझे पाय फुटले. मीठ हाडापर्यंत गेलं."

नाना उठले. चप्पल काढली आणि प्रोजेक्टरच्या उजेडात एक पाय खुर्चीवर ठेवला, सगळ्यांना तळवा दिसेल असा. इतक्या वर्षांनीही तळवा लाकडासारखा होता. चप्पल घालून परत बसले. पण सिनेमा संपल्यावर पार्किंगच्या तोंडाशी गेले आणि वर गॅलरीकडे बघून हाक दिली.

"वहिनी, खाली या जरा. तुमचे सुनेचा पणजा नं माजा बाप एकाच धंद्यातला निंगाला."

सगळे हसले. वर झोपाळा एकदम जोरात कुरकुरला आणि गॅलरीचं दार लागलं. काकांचा चेहरा इतका पडला की नाना ओशाळले. माजा चुकला काय, असं मला दोनदा विचारलं त्यांनी. काकांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, नाही नाना, तुम्ही बोलवलंत ते बरं केलंत. मला जमत नाही.

माझ्या मात्र तोवर एक लक्षात आलेलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी वर झोपाळा कुरकुरत असायचा. काकांनी माइक हातात घेतला की थांबायचा. मध्ये एखादं गाणं, समुद्र, जंगल असं काही लांबलं, काका गप्प राहिले, की परत कुरकुर. परत बोलायला लागले की परत बंद. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

आता एका म्हातारीच्या सिनेमाचं सांगते. तो काका फिरून फिरून लावायचे. अगदी साधा होता, जमैकातली एक म्हातारी घरासमोरच्या ओसरीवर बसून बोलते, एवढाच. तिचा मुलगा तरुणपणी बोटीनं विलायतेला निघाला. तिला ते पसंत नव्हतं. तिनं त्याला सांगितलं, जायचंय तर जा, मी काही बंदरावर येणार नाही. घर टेकडीवर, बंदराचा भोंगा ऐकू यायचा. "बोट सुटली तेव्हा मी घरात भांडी घासत बसले होते," काका सांगायचे. "घासलेलीच भांडी परत घासली. भोंगा वाजला तसं मी पाणी जोरात ओतलं, ऐकू येऊ नये म्हणून. मी दारापर्यंत गेले असते तर तो दिसला असता. मी गेले नाही."

मुलगा परत आला नाही. तिकडेच त्याचं लग्न झालं, मुलं झाली, ती तिनं फोटोत पाहिली.

एकदा ह्याच सिनेमाच्या मध्यावर लाइट गेले. आमच्याकडे जातातच. नेहमी लाइट गेले की लोक खुर्च्या सरकवतात, मोबाइलचे टॉर्च लागतात, कोणीतरी वीज बोर्डाच्या नावानं बोटं मोडतो. पण काका थांबलेच नाहीत. माइक नाही, चित्र नाही, काळोखात नुसता त्यांचा आवाज. त्यांना तो सिनेमा पाठ होता. आम्ही हललो नाही. आणि भांड्यांपाशी आल्यावर तो आवाज, जो खुनांच्या खटल्यांत हलला नव्हता, तो हलला. "मी दारापर्यंत गेले असते तर," एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. मग माफी मागितली त्यांनी, आमची नाही, साक्षीदाराची. वर काकूंचा झोपाळा अगदी गप्प होता.

लाइट आल्यावर वायरी गुंडाळताना काकांनी मला सांगितलं, ही मार्सियाची आजी. विलायतेला गेला तो मार्सियाचा बाप. म्हातारी जायच्या आधी मार्सियानंच तिचं बोलणं कॅमेऱ्यात घेऊन ठेवलं. मी म्हटलं, अहो मग काकूंना सांगा ना हे! निम्मं काम होईल. काकांनी मान हलवली. साक्षीदार कोणाची कोण हे आधी कळलं की ऐकणाऱ्याचा कान फिरतो, म्हणाले. आधी तिला नुसतं ऐकू दे.

किती तो धीर! मला राग यायचा त्यांचा कधीकधी. इतकी वर्षं निघून चालली होती, निखिलला मुलगी झाली, तिचे फोटो काकांच्या फोनमध्ये, आणि हा माणूस अजून आधी ऐकू दे म्हणतोय. मी असते तर काकूंना हाताला धरून खाली आणलं असतं.

मग एके सकाळी काका दूध घ्यायला म्हणून दार उघडायला गेले आणि दारातच कोसळले. कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले त्यांना थोडंफार समजतं, किती ते सांगता येणार नाही. बोलायला म्हणून एकच शब्द शिल्लक राहिला, "मी." कधीकधी राहतो म्हणे असा एखादा. तहान लागली तरी मी, कूस बदलायची असली तरी मी. काकू विचारायच्या, मी काय? पाणी? मी काय हो? आणि मग चिडायच्या, आणि मग स्वैपाकघरात जाऊन रडायच्या. दुसऱ्यांसाठी जन्मभर बोललेल्या माणसाचं हे असं व्हावं, ह्याला काय म्हणायचं? मला अजून त्याचा त्रास होतो.

निखिल धावत आला, एकटाच. काकांजवळ बसून राहायचा. जाताना जिन्यात मी त्याला विचारलं, मार्सिया आणि छोटी नाही आल्या? तो म्हणाला, "आईनं बोलावलं की येईल ती. ती तयारच आहे." काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. मी त्यांना ओळखते, राग केव्हाच संपलेला होता. लाज उरलेली होती, आणि ती रागापेक्षा चिवट असते.

काकांच्या पलंगाखाली प्रोजेक्टरचा खोका होता. ते डाव्या हातानं सारखं त्याच्याकडे दाखवायचे, मी, मी. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि नानांनी ठरवलं की दाखवू या एकदा. नाना आणि वॉचमननं काकांना खुर्चीसकट खाली आणलं. काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातलेला, भांग पाडलेला. स्वतः वरच राहिल्या. किटली दिली माझ्याकडे, बिनसाखरेची. बिल्डिंगमधले बरेच जण आले, काकांसाठी म्हणून. मी म्हातारीचा सिनेमा लावला. आवाज बारीक ठेवायची सवय, तसाच ठेवला.

म्हातारी भिंतीवर बोलायला लागली आणि कोणाला काही कळेना. तिचं ते इंग्रजी आमच्यातल्या शिकलेल्यांनाही लागत नव्हतं. भिंतीशेजारची काकांची जागा रिकामी, काका समोर खुर्चीत. त्यांचे ओठ हलत होते. "मी," एवढंच यायचं, मग परत, "मी." नानांनी तोंड फिरवलं. मला वाटलं बंद करावं आता, उगाच केलं हे आपण.

आणि वर झोपाळा थांबला.

"मी टेकडीवर राहते," वरून आवाज आला. "माझा धाकटा मुलगा विलायतेला निघाला."

काकूंचा आवाज, पण काकांसारखा, कोरडा. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. गॅलरीतून भिंत दिसत नाही, त्यामुळे त्यांना चित्र कुठवर आलंय ते कळत नव्हतं, त्या पुढे निघून गेल्या. भिंतीवर म्हातारी अजून कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि वर बोट सुटायला आलेली. "मी म्हटलं, जायचंय तर जा. बोट सुटली तेव्हा मी घरात भांडी घासत बसले होते." मग थांबल्या. आम्ही वाट बघितली. पुढचं आलं नाही.

जिन्यात पावलं वाजली आणि काकू पार्किंगमध्ये आल्या. इतक्या खेळांत पहिल्यांदा. काकांच्या खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या आणि भिंतीकडे बघितलं. म्हातारी तेव्हा कॅमेऱ्यामागच्या कोणाचं तरी ऐकत होती, मान डावीकडे कलती, मग हसली तर पुढच्या दोन दातांत फट. मार्सियाला काकूंनी एकदाच पाहिलेलं. पण विसरल्या नव्हत्या.

"ही तिची आजी ना?" मला विचारलं. मी हो म्हटलं. काकूंनी पदर सारखा केला आणि भिंतीला हात जोडले, विहीणबाईंना जोडतात तसे. मग म्हणाल्या, "शोभा, फोन लाव. निखिलला नको, तिला लाव."

मार्सिया नंतर आली, लेकीला घेऊन आली, ती छोटी आता सुट्टीत आली की त्या भिंतीवर चेंडू आपटत असते. पण ती आली तेव्हा काका नव्हते. त्यांना तेवढा वेळ मिळाला नाही. तिच्या पावलांचा आवाज काही त्यांनी ऐकला नाही, आणि काकूंनी त्या दिवशी दारात तिला कसं जवळ घेतलं ते पाहिलं नाही. म्हणून मला काका आठवतात ते त्याच रविवारचे.

फोन लागला. मी तो काकूंच्या हातात दिला. मार्सियाचा चेहरा आला, मागे दुपारचा उजेड होता. काकूंना इंग्रजी येत नाही. त्या मराठीतच बोलल्या, फोन दोन्ही हातांनी धरून.

"मी तेव्हा पाय मागे घेतले. ये तू. मुलीला घेऊन ये. हे आहेत तोवर ये."

आणि सवयीनं काकांकडे वळल्या, आता तुम्ही सांगा तिला, अशा. इतकी वर्षं बँकेपासून डॉक्टरपर्यंत कुठलंही इंग्रजी आलं की त्या अशाच वळायच्या. वळल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोन खाली घेतला.

काकांनी मान सरळ केली. चांगला हात पाठीमागे नेला, खुर्चीच्या पाठीमुळे पुरता जाईना तरी नेला. "मी," म्हणाले. ओठ जुळवले, परत उघडले. "मी." कपाळावर घाम आला त्यांच्या. माझ्या जिभेवर होतं सगळं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगू शकले असते. नाना माझ्याकडे बघत होते, सांग म्हणून. मी मानेनंच नाही म्हटलं. काका बोलत होते, त्यांना मध्ये तोडायचं नव्हतं.

काकूंनी फोन परत वर केला, काका तिला दिसतील असा. आम्ही सगळे थांबलो. तिकडे मार्सियानं मान डावीकडे कलती केली आणि ती ऐकत राहिली.